स्लॅब टाकण्यापूर्वी : घराच्या वायरिंगबद्दल भाचीला पत्र

रत्नागिरी,
त्रिपुरी पौर्णिमा

चि. मृणाल,


घराचा नकाशा आणि वायरमनने दिलेलं एस्टिमेट, दोन्ही मिळालं. राजापूरच्या घराचा स्लॅब पंधरवड्यात टाकायचा आहे असं तू लिहिलंस, म्हणून उत्तर लांबवत नाही. स्लॅबमध्ये पाइप आणि फॅनबॉक्स एकदा गाडले गेले की निम्मं वायरिंग तिथेच ठरून जातं. नंतर कितीही पैसे ओतले तरी भिंती फोडल्याशिवाय त्यात बदल होत नाही.

एस्टिमेटमध्ये स्विच कुठल्या कंपनीचे आणि प्लेट कुठल्या रंगाच्या याला तीन ओळी आहेत. वायरीसमोर फक्त ‘चांगल्या कंपनीची कॉपर वायर’. कुठल्या सर्किटला किती जाडीची, सर्किटं एकूण किती, यातलं एक अक्षर नाही. पॉइंटला इतके रुपये असा भाव ठरला की असंच होतं, कारण तार जितकी बारीक आणि सर्किटं जितकी कमी तितकं पॉइंटमागे जास्त सुटतं. मी आयुष्यभर हाच धंदा केला, त्यामुळे वायरमन मंडळींबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण वायरीचं माप लिहून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि बहुतेक मालक ती टाळतात. स्विच दहा वर्षांनी पाच मिनिटांत बदलता येतो. भिंतीतली तार पंचवीस-तीस वर्षं तिथेच राहणार आहे. तुझ्याजवळचे जास्तीचे पैसे भिंतीच्या आत आणि डीबीत, म्हणजे खटक्यांच्या मुख्य पेटीत घाल, प्लेटवर नको.

आता विचाराचा क्रम. आधी प्रत्येक जागी कोणतं उपकरण चालणार ते ठरव. त्याच्या वॅटला २३० ने भाग, म्हणजे अँपिअर येतील. त्याच्या वरच्या मापाचा एमसीबी घे आणि त्या एमसीबीपेक्षा जास्त प्रवाह सोसणारी तार घे. साठवणीचा २००० वॅटचा गीझर जवळपास पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर १३, दीड टनाचा एसी सात ते आठ, २००० वॅटची इंडक्शन शेगडी पुन्हा पावणेनऊ. दिवे-पंख्यांचं ओझं आता नगण्य झालंय. एलईडी दिवा ९ वॅटचा, बीएलडीसी पंखा ३०-३५ वॅटचा, म्हणजे अख्ख्या खोलीला अर्धा अँपिअरही लागत नाही. तेव्हा काळजी पॉवर पॉइंटची करायची.

तारेची मापं चौरस मिलिमीटरमध्ये असतात, धंद्यात आम्ही नुसतं दीडची, अडीचची, चारची म्हणतो. एखादा जुना वायरमन ३/२२, ७/२० असे आकडे सांगेल, त्यात पहिला आकडा तारेतल्या पदरांचा आणि दुसरा गेजचा. तू मात्र चौरस मिलिमीटरमध्येच लिहून घे. भोवतालचं तापमान ४० अंश धरलं आणि पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार भिंतीतल्या पाइपातून नेली, तर दीडची तार साधारण १३ अँपिअर सोसते, अडीचची १८, चारची २४, सहाची ३१ आणि दहाची ४२. म्हणून एमसीबी ६ किंवा १० चा असेल तिथे दीडची, १६ चा असेल तिथे अडीचची, २० ला चारची, २५ ला सहाची. एवढं पाठ केलंस तरी एस्टिमेट तपासता येईल.

मधे थोडी जागा का सोडायची तेही सांगतो. १६ चा एमसीबी १६ अँपिअरला पडत नाही. मानकाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअर, तो निदान तासभर सोसणार, आणि १.४५ पट, म्हणजे २३ झाले की तासाच्या आत पडणार. तेवढा वेळ ती सगळी उष्णता तारेने झेलायची असते. आपल्याकडे क्रम उलटा लागतो तो इथेच. एमसीबी सारखा पडतो, म्हणून कुणीतरी मोठा बसवून देतो. एका घरी गणपतीच्या दिवसांत मला बोलावलं होतं, तिथे अडीचच्या तारेवर १६ काढून ३२ चा एमसीबी लावलेला होता. पडणं थांबलं म्हणून घरचे समाधानी होते. तारा ओढायला गेलो तर एकही सुटी निघेना. आवरणं मऊ होऊन पाइपात एकमेकींना चिकटली होती. एमसीबी पडतोय म्हणजे तो आपलं काम करतोय. त्या वेळी त्या सर्किटवरचं ओझं वाटून द्यायचं असतं, एमसीबी वाढवायचा नसतो.

वरचे आकडे एका पाइपात एकच सर्किट असताना खरे. एकाच पाइपातून तीन भरलेली सर्किटं नेली की तारा एकमेकींना तापवतात आणि प्रत्येकीची क्षमता साधारण ७० टक्क्यांवर येते. अडीचची १८ सोसणारी तार साडेबारावर आली, म्हणजे १३ अँपिअरचा इन्स्टंट गीझर तिला झेपत नाही आणि १६ चा एमसीबी तिला वाचवत नाही. तुझ्या नकाशात दोन्ही न्हाणीघरांचे गीझर आणि वरचा एसी एकाच पाइपाने डीबीपर्यंत आणलेत. ते तीन वेगळ्या पाइपांनी आण. पॉवरसाठी पाइप २५ मिमीचा घे आणि चाळीस टक्क्यांहून जास्त भरू नको. स्लॅबमधल्या पाइपाला काटकोनी एल्बो नको, लांब बेंड हवा. नाहीतर तारा ओढताना आवरण खरचटतं आणि ते कधीच कुणाला दिसत नाही.

आग बहुतेक वेळा तारेच्या मधल्या भागात लागत नाही, जोडात लागते. ढिल्या स्क्रूखाली किंवा पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात एक दशांश ओहम रोध आला आणि त्यातून गीझरचे १३ अँपिअर गेले, तर त्या एका ठिपक्यावर १७ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, आणि ती शिसं-कथील वितळवते. तशी एक बोर्डाच्या मागे रोज सकाळी पाऊण तास लागलेली राहते, असं समज. प्रवाह दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. म्हणून वायरमनला स्पष्ट सांग की पाइपात आणि स्लॅबमधल्या बॉक्समध्ये एकही जोड चालणार नाही. लूप घ्यायचा तो स्विचबोर्डातच. गीझर, एसी, इंडक्शन यांची तार डीबीपासून थेट सॉकेटपर्यंत अखंड. कॉइल ९० मीटरची येते. उरलेले तुकडे जोडून वापरले की कॉइल वाचते, आणि तुझं घर पणाला लागतं.

विहिरीच्या पंपाचं गणित वेगळं. तिथे तार तापण्यापेक्षा व्होल्टेज पडण्याची चिंता जास्त. विहीर डीबीपासून साठ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन तार एकशेवीस मीटर. अडीचच्या तारेत एवढ्या लांबीला जवळपास एक ओहम रोध येतो. एक एचपीचा पंप चालताना सात अँपिअर घेतो, त्यात सातेक व्होल्ट जातात, ते चालेल. पण सुरू होताना तो क्षणभर पाचपट घेतो, पस्तीस अँपिअर, आणि तेव्हा तेहतीस व्होल्ट तारेतच जातात. संध्याकाळी तुमच्या वाडीत २०० व्होल्ट मिळतात असं तुझे सासरे सांगत होते. म्हणजे पंपापर्यंत पोचणार १६७. मोटर घुरघुरत राहील, फिरणार नाही, आणि वाइंडिंग जळेल. चारच्या तारेने ही घट एकवीसवर येते, सहाच्या तारेने चौदावर. पंपाला सहाची आर्मर्ड केबल जमिनीखालून ने. मोटर एकदा रिवाइंड करायचा खर्च वाचला तरी फरकाचे बरेचसे पैसे वसूल होतील.

सर्किटांची मांडणी करताना मी एक प्रश्न विचारतो : हे एक सर्किट बंद पडलं तर घरात काय काय बंद पडेल? दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि ८०० वॅटच्या वर ओझं नको, हा आपल्याकडचा जुना मान्य नियम आहे. पॉवरच्या सर्किटवर दोनच सॉकेट. गीझरला आणि एसीला स्वतंत्र. स्वयंपाकघरावर मात्र सढळ हाताने खर्च कर, कारण आजच्या घरात खरी वीज तिथे जळते. इंडक्शनला एक सर्किट, मायक्रोवेव्ह किंवा ओव्हनला एक, ओट्यावरच्या मिक्सर-केटलसाठी एक, आणि फ्रिज पूर्ण वेगळा. वरच्या मजल्याचे दिवे एका सर्किटवर आणि जिन्याचा दिवा खालच्या मजल्याच्या सर्किटवर ठेव, म्हणजे रात्री वरचे दिवे गेले तरी उतरणाऱ्याला पायरी दिसेल.

जावईबापूंनी इंग्लंडमधल्या रिंग सर्किटबद्दल विचारलंय. लेस्टरच्या घरी त्यांनी ते पाहिलं, एका चक्राकार तारेवर खोल्यांचे सगळे सॉकेट, आणि तार वाचते हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे तांब्याची टंचाई होती, त्यातूनच ती पद्धत आली. पण तिच्यासोबत १९४७ मध्ये तिथे नवा प्लगही आला, आणि त्या प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज असतो. म्हणून मुळाशी ३० किंवा ३२ अँपिअरचं संरक्षण ठेवलं तरी टेबललॅम्पची बारीक कॉर्ड सुरक्षित राहते. आपल्या ६ आणि १६ अँपिअरच्या प्लगांत फ्यूज नसतो. इथे ३२ च्या एमसीबीवर रिंग केली तर मोबाइल चार्जरच्या कॉर्डपर्यंत मधे कुणीच नाही. शिवाय रिंगची एक बाजू कुठे तुटली तर सगळं चालूच राहतं आणि सगळा भार दुसऱ्या बाजूवर पडतो, कुणाला कळतही नाही. आपल्या घराला झाडाच्या फांद्यांसारखी, डीबीतून निघून एका जागी संपणारी सर्किटंच योग्य.

आता ज्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसलो, त्या गोष्टीकडे येतो. तुझ्या एस्टिमेटमध्ये आरसीसीबी नाही. ‘अर्थिंग : एक’ एवढं आहे. मृणाल, जांभ्याच्या सड्यावर घर बांधणाऱ्या माणसाने हे दोन शब्द नीट समजून घेतलेच पाहिजेत. जांभा उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो आणि वीज जमिनीत सहज जात नाही. तुझ्या अर्थिंगचा रोध एप्रिलमध्ये १०० ओहम झाला असं धर. गीझरची कॉइल फुटून फेज टाकीच्या पत्र्याला लागली, तर जमिनीकडे जाणार २३० भागिले १००, म्हणजे फक्त २.३ अँपिअर. १६ चा एमसीबी एवढ्याने हलणारसुद्धा नाही. टाकी, नळ, शॉवर, सगळं जवळपास २३० व्होल्टवर उभं राहील आणि डीबीत सगळे खटके वर दिसतील. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास असतो. त्यातून २३० मिलिअँपिअर जातील. माणूस मरायला त्याच्या निम्मेही पुरतात.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की तो तुटतोच. तुझा अर्थ १०० ओहमचा असला तरी तोपर्यंत टाकीवर तीनच व्होल्ट चढलेले असतात. अर्थ मुळीच नसला तरीही आरसीसीबी चालतो, पण तेव्हा त्याला कळतं ते कुणाचा तरी हात टाकीला लागल्यावर. अर्थ असला तर कॉइल गळायला लागली त्याच क्षणी कळतं. म्हणून दोन्ही हवेत. एमसीबी तारेसाठी आहे, आरसीसीबी तुझ्या मुलांसाठी आहे. आणि तो जास्त भाराला पडत नाही, फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर वाचवत नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेव.

अर्थिंग घराच्या कोपऱ्यात, जागा मोकळी आहे म्हणून करू देऊ नको. न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला, माडाच्या आळ्यापाशी, जिथे वर्षभर ओल राहते तिथे कर. ४० मिमीचा जीआय पाइप निदान अडीच मीटर खोल. जांभा आहे म्हणून मीटरभर खणून थांबतील, तिथे उभी राहा. कोळसा आणि मीठ घालायची रीत आहे, पण आपल्या पावसात मीठ वाहून जातं आणि पाइप गंजतो. त्यापेक्षा बेंटोनाइट भर. दोन खड्डे कर आणि जोड. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार गेलीच पाहिजे. पंख्याला आणि दिव्यांच्या बॉक्सलाही.

पण एकच आरसीसीबी सगळ्या घराला लावू नको. तुम्ही पुण्याला, घर महिनोन्महिने बंद. जुलैत बाहेरच्या गेटच्या दिव्यात पाणी शिरलं, मुख्य आरसीसीबी पडला, की फ्रिज बंद आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली, हे ठरलेलं. बाहेरचे दिवे आणि पंप यांना आपापला आरसीबीओ दे, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात. फ्रिजलाही स्वतंत्र. बाकीचं घर तीन आरसीसीबींत वाट. प्रत्येकाची न्यूट्रल लिंक वेगळी हवी. एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्याकडून उसनी घेतली की आरसीसीबी विनाकारण पडू लागतो, वायरमन कंटाळून तो बायपास करतो, आणि मग तो फक्त दिसायला उरतो. इन्व्हर्टरच्या तारांचीही न्यूट्रल अशीच वेगळी ओढायला सांग.

तुझ्या यादीची बेरीज केली तर सगळं मिळून पंधरा किलोवॅटच्या पुढे जातं. सगळं एकदम चालत नाही, पण सकाळी दोन गीझर, इंडक्शन आणि इस्त्री लागली की सात किलोवॅट, म्हणजे तीस अँपिअर होतात. वर एसी आणि उद्या विजेवरची गाडी. महावितरणकडे थ्री फेजचाच अर्ज कर आणि मंजूर भार खरा लिही. मीटरपासून डीबीपर्यंत दहाची तार घे, न्यूट्रलही तेवढ्याच जाडीची. थ्री फेजमध्ये न्यूट्रल कुठे सुटली तर एखाद्या फेजवरच्या टीव्ही-फ्रिजला चारशेच्या जवळ व्होल्टेज मिळू शकतं, म्हणून न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीच नको आणि तिचा प्रत्येक स्क्रू तू स्वतः आवळून पाहा. डीबी प्रत्येक फेजला वेगळा आरसीसीबी बसेल असा घे. आणि मे-ऑक्टोबरच्या विजांसाठी टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर त्यातच बसव.

स्लॅबमधून डीबीपर्यंत ३२ मिमीचे दोन रिकामे पाइप सोड, एक गच्चीवरून सोलरसाठी, एक गाडीच्या जागेसाठी. निसर्ग वादळानंतर २०२० साली दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तुमच्याकडे पुढेमागे सोलर लागणारच. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीच्या वरच्या पाइपांचे, भिंतीपासूनची टेप धरून, फोटो काढ. पुढे पंख्याचं भोक पाडणारा माणूस तुला दुवा देईल.

आणि शेवटचा हप्ता हातात ठेव. प्लॅस्टर-रंग झाल्यावर, मीटर लागण्यापूर्वी, परवानाधारक ठेकेदाराने आवरणाचा रोध मोजणारा ५०० व्होल्टचा मेगर लावून प्रत्येक सर्किट तुझ्यासमोर तपासायला हवं. एक मेगओहमच्या खाली काहीही आलं तर ते सर्किट उघडायचं. नव्या कोरड्या घरात आकडा खरं तर याच्या कितीतरी वर असतो. नंतर वीज आली की प्रत्येक सॉकेटवर टेस्टर लावून आरसीसीबी पाडून दाखवायचा, आणि अर्थिंगचा रोध पावसाळ्यात नाही, एप्रिलमध्ये मोजायचा. टेस्ट रिपोर्टवर घरबसल्या सह्या होतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते आकडे तुझ्यासमोर लिहिले जाईपर्यंत पैसे देऊ नकोस. वायरमन रागावला तर माझं नाव सांग, मी एसटीने राजापूरला येईन.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा